कॅम्परची जमीन

मला कोणी ‘मोडून टाक’ म्हटलेलं आवडत नाही. फुटलेली बशीसुद्धा मी दोन-चार दिवस ओट्यावर ठेवते, मगच टाकते. त्यामुळे नवऱ्याने साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर, कोथिंबीर निवडता निवडता, अगदी सहज ‘मोडून टाक तो कॅम्पर’ असं म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

निमित्त टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पत्राचं होतं. आमचं घर अमेरिकेत एडिसनमध्ये, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडपासून गाडीने दहा मिनिटांवर. ड्राइव्हवेच्या टोकाला आमचा अठरा फुटी कॅम्पर ट्रेलर उभा असतो. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली म्हणा ना. गेली दोन वर्षं तो जागचा हलला नव्हता. एक टायर बसलेला, उत्तरेकडच्या अंगाला शेवाळ, रजिस्ट्रेशन केव्हाच संपलेलं. कुणीतरी तक्रार केली असणार. नव्वद दिवसांत ट्रेलर रस्त्यावर चालण्याजोगा करून रजिस्टर करा, नाहीतर हलवा, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

दोन वर्षं म्हणजे नवरा गेल्यापासून. त्याची नोकरी साठीच्या तोंडावर गेली, दुसरी मिळेना, आणि त्याच हिवाळ्यात सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हा एकुलता एक. तीन महिन्यांसाठी म्हणून गेला. हाड जुळलं, पण सासूबाई पुन्हा आधाराशिवाय उभ्या राहिल्या नाहीत. तीनाचे सहा महिने झाले, सहाचे बारा झाले, आणि मग आम्ही दोघांनीही मोजणं सोडून दिलं. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. वर्षातून एकदा तीन आठवडे जाऊन येते, आणि परत येताना विमानतळावर दोघंही बॅगांच्या वजनाबद्दलच बोलतो.

तो परत कधी येणार, हे मी विचारत नाही. त्याचं खरं उत्तर ‘आई असेपर्यंत नाही’ असं आहे, आणि ते एकदा त्याच्या तोंडून ऐकलं की मी पुढे कशाची वाट बघायची? एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या जाण्याची? सासूबाईंनी मला आयुष्यात एक वावगा शब्द बोललेला नाही. माझ्या बाळंतपणाला त्या इथे येऊन सहा महिने राहिल्या होत्या, तेही बर्फात. त्यामुळे नवरा हवासा वाटला की तो विचार मी अर्ध्यावरच सोडते.

त्याऐवजी मी मनाशी वेगळंच धरून बसले होते. कॅम्पर दारात आहे तोवर हा येणार. आला की टायर बदलायचे, आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावर जायचं राहिलंय तिथे जाऊन यायचं. हा वेडेपणा आहे हे मलाही कळत होतं. पण घरात एकटं राहणाऱ्या माणसाने काहीतरी धरून ठेवायला हवं, आणि माझ्या हाताशी तेच होतं.

‘मोडून टाक काय?’ मी म्हणाले. ‘अहो, दुरुस्त करता येईल की.’

आम्ही समोर अहो-जाहो करतो. मनात मी अरे-तुरेच करते.

‘अगं, आत काही राहिलेलं नाही त्याच्या. खालची फ्रेम मात्र दणकट आहे. वरचं सगळं काढून फळ्या टाकल्या तर मस्त फ्लॅटबेड होईल, सामान न्यायचा उघडा ट्रेलर. आपल्या मराठी मंडळाला दर गणपतीत ढोल न्यायला ट्रेलर भाड्याने आणावा लागतो, तो वाचेल.’

‘आणि आपण?’

‘आपण काय?’

‘काही नाही,’ म्हणून मी फोन ठेवला. लेकीला सनीव्हेलला फोन केला, तर ती म्हणाली, ‘आई, जस्ट गेट रिड ऑफ इट. यू डोण्ट इव्हन यूज इट.’ तिचं लहानपण त्यात गेलंय. बापलेकीचं एकमत झालं की माझं काही चालत नाही, हे तिच्या दुसरीपासूनचं आहे.

मंडळातल्या एका काकांनी जबाबदारी घेतली. हे काका आमच्याआधी वीस वर्षं अमेरिकेत आलेले, कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. गॅरेजमध्ये स्वतःचं वेल्डिंग मशीन आहे. फक्त गुडघे गेलेत. पहिल्या शनिवारी सकाळी आठला घडीची खुर्ची घेऊन आले, ड्राइव्हवेवर मांडली आणि ट्रेलरभोवती एकदा नजर फिरवून म्हणाले, ‘हे बघ, मी ऑर्डर सोडणार, तू स्क्रू काढणार. मधे थालीपीठ. डील?’

‘डील,’ मी म्हणाले. तोंड वाकडं करूनच.

काकांची शिस्त कडक. आधी गॅसची टाकी आणि बॅटरी सोडवून बाजूला. मग शेगडी, चिमुकला फ्रिज, सिंक, पाण्याची टाकी. मग खिडक्या. मग बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा. तो हजारभर बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो, आणि त्यातल्या निम्म्यांची डोकी गंजून गेलेली असतात. ड्रिलने मनगट भरून यायचं. काका खुर्चीतून म्हणायचे, ‘प्रेशर दे, प्रेशर दे, यू आर टिकलिंग इट.’ मी मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत जोर लावायची, आणि खरं सांगते, त्याने स्क्रू निघायचे.

एकेक वस्तू भाड्याने आणलेल्या डम्पस्टरमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत, टाकताना मला ती कुठे वापरली ते आठवत होतं, आणि त्याचाच राग येत होता. ही शेगडी. शेनन्डोआच्या डोंगरात सकाळी सहाला मी हिच्यावर पोह्यांची फोडणी केली. मोहरी तडतडली आणि स्मोक अलार्म असा केकाटला की आजूबाजूच्या तंबूंतून माणसं बाहेर आली. नवऱ्याने उशीने वारा घालून तो बंद केला. शेजारचं एक म्हातारं अमेरिकन जोडपं काय झालं म्हणून बघायला आलं आणि पोहे खाऊन गेलं. त्यानंतर आम्ही कुठेही गेलो की फोडणीच्या आधी अलार्मवर शॉवर कॅप चढवायची हे लेकीचं काम. तेव्हा नवऱ्याचे केस काळे होते. मला तो माणूस हवा होता, तिथे, उशी हातात घेतलेला. इतका हवा होता की मी शेगडी डम्पस्टरच्या काठावर ठेवून पाच मिनिटं तशीच उभी राहिले. काका वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत राहिले.

आता जमिनीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात पहिल्या दिवसापासून भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. अमेरिकेत आल्यावर मला थंडी सोसली, एकटेपणा सोसला, पण जमीन धुता येत नाही हे काही केल्या सोसेना. आमच्याकडे सणाच्या आधी घर धुवायचं म्हणजे धुवायचं. ओचा खोचून बादलीने पाणी ओतायचं, खराट्याने खसाखसा घासायचं आणि पाणी उंबऱ्यावरून बाहेर लोटायचं. नुसतं पुसलेलं घर मला स्वच्छ वाटतच नाही. आणि मग हा कॅम्पर आला. जुनाच, सेकंड हॅण्ड, पण आत कार्पेट नव्हतं, लिनोलियम होतं, प्लास्टिकसारखं गुळगुळीत, करड्या चौकटींचं. पहिल्याच वसंतात मी बाहेरच्या नळाला पाइप लावला, ओक ट्री रोडवरून आणलेला खराटा घेतला आणि चार बादल्या पाणी ओतलं. पाणी दारातून, पायऱ्यांवरून खळाखळा ड्राइव्हवेवर आलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेव्हापासून दर वर्षी दोनदा, मोसम सुरू होताना आणि गणपतीच्या आधी, मी कॅम्पर धुतला. सतरा वर्षं.

पुढे पुढे जमीन शेगडीजवळ पायाखाली दबायला लागली. मग दाराजवळही. नवरा म्हणाला, छत गळतंय बहुतेक. झालं. ‘गळका ट्रेलर गळ्यात मारून घेतलात’ हे माझं पेटंट वाक्य झालं. घरी, कारमध्ये, दहा माणसांच्या जेवणात सगळ्यांसमोर. ह्यांना काय, कोणीही टोपी घालावी. तो हसायचा. दर हिवाळ्यात एखादा रविवार ट्रेलरखाली सरपटत जाऊन काहीतरी ठोकत बसायचा, आणि मी वरून चहा हवा का विचारताना परत तेच वाक्य ऐकवायची.

पाचव्या शनिवारी आम्ही छत काढलं. काकांनी लाकडाच्या पट्ट्या हातात घेऊन नखाने टोकरल्या, इन्सुलेशन चिमटीत धरून दाबलं.

‘छत गळत होतं म्हणालीस ना?’

‘वर्षानुवर्षं.’

‘अगं, हे तर खडखडीत कोरडं आहे. एक थेंब आत आलेला नाही कधी.’

पुढच्या शनिवारी भिंती निघाल्या. त्याही वरून मधोमधपर्यंत कोरड्या. खालच्या वीतभर भागात मात्र लाकूड काळं पडून भुसा झालेलं. शेवटी, सातव्या शनिवारी सकाळी, लिनोलियम. मी कोपऱ्यातून उचकटलं आणि त्याबरोबर खालचं प्लायवूड ओल्या बिस्किटासारखं हातात आलं. सगळीकडून नाही. शेगडीपासून दारापर्यंत एक काळा पट्टा गेला होता, मधे जरा रुंद, दाराशी सगळ्यात कुजलेला. काका खुर्चीतून उठून आले आणि वाकून बघायला लागले.

‘पाणी वरून आलंय, पण छतातून नाही. जॉइंट्समधून खाली गेलंय. असं कसं झालं? कुणी बादल्या ओतल्यासारखं...’

ते बोलता बोलता थांबले. माझा चेहरा बघितला असेल. पाणी कुठून वाहायचं, कुठे साचायचं, खराटा कुठे जास्त चालायचा, ते सगळं त्या काळ्या पट्ट्यात माझ्यासमोर होतं. मी सतरा वर्षं स्वतःच्या हाताने तो ट्रेलर कुजवला होता.

काकांना मात्र वेगळंच काही दिसलं होतं. त्यांनी कुजलेला तुकडा उलटा केला. खालून प्लायवूडची ठिगळं लावलेली होती. एकावर एक. काही जुनी, काही बऱ्यापैकी नवी, प्रत्येकाचे स्क्रू वेगळे, कडेने सिलिकॉन भरलेलं, दोन ठिकाणी लोखंडी पट्ट्याही.

‘ज्याने कुणी हे केलंय,’ काका म्हणाले, ‘त्याला पाणी कुठून येतं ते बरोब्बर माहीत होतं. छताला हातसुद्धा लावलेला नाही त्याने.’

मी हातमोजे काढले, घरात गेले आणि साताऱ्याला फोन लावला. तिथे संध्याकाळचे सात वाजून गेले होते. नवरा सासूबाईंना पेज भरवून नुकता बाहेर येऊन बसला होता.

‘तुम्हाला माहीत होतं?’ मी म्हणाले.

‘काय?’

‘जमीन मी कुजवली ते. पाणी ओतून.’

तो म्हणाला, ‘हो. दुसऱ्याच वर्षी खाली गेलो तेव्हा कळलं.’

‘मग बोलला का नाहीत? मी जगभर तुमची अब्रू काढत फिरले. छत गळतंय, छत गळतंय. एकदा म्हणायचं ना, बाई गं, पाणी ओतू नकोस!’

‘म्हणणार होतो. त्या वसंतात बाहेर आलो तेव्हा तुझं धुणं चाललं होतं. ओढणी कमरेला खोचलेली, पाय भिजलेले, आणि तू गात होतीस. अगं, आपल्याला इथे येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. घरात तू कार्पेटवर डाग पडेल म्हणून पाहुण्यासारखी जपून चालायचीस. गाताना मी तुला अमेरिकेत पहिल्यांदा ऐकलं. मग म्हटलं, जाऊ दे. लाकूडच आहे. लावू खालून ठिगळ.’

मी रडायला लागले. संतापाने की कशाने, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आमचं लग्न काही ओढूनताणून टिकलेलं नाही, पण त्यात गोड बोलणं फारसं नव्हतं. तो अबोल, मी तोंडाळ. मला वाटायचं हा ऐकून घेतो कारण ह्याला फरक पडत नाही. पंधरा-सोळा वर्षं माझ्या पाण्याखाली तो उताणा झोपून स्क्रू पिळत होता, आणि मी वरून त्याला चहा विचारत होते. असा माणूस घरात असताना मला कळला नाही, आणि कळला तेव्हा तो आठ हजार मैलांवर पेजेचं भांडं घासायला निघाला होता.

‘रडतेस काय,’ तो म्हणाला. ‘फ्रेम बघ आधी. गंज किती आहे?’

फ्रेम चांगली होती. त्यानंतरचं काम मी न कुरकुरता केलं, काकांनाही आश्चर्य वाटलं. तारेच्या ब्रशने गंज घासला, काळा रंग दोनदा दिला. काकांनी एका दिवसात चार आडवे अँगल वेल्ड केले. मी तोंड फिरवून उभी होते, कारण ठिणग्यांकडे बघायचं नाही असा हुकूम होता. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, नवे टायर, मागचे दिवे, नवी वायर. मग पाण्याने न कुजणाऱ्या, औषध मुरवलेल्या जाड फळ्या बोल्टने बसवल्या. दोन फळ्यांमध्ये काकांनी बोटभर फट ठेवायला लावली.

‘ही फट कशाला?’

‘पाणी खाली पडायला. आता ओत किती ओतायचंय ते,’ काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

जूनच्या मध्याला इन्स्पेक्शन झालं, नवी नंबर प्लेट मिळाली. काकूंनी नारळ आणि हळदकुंकू पाठवलं होतं. काकांनी सिमेंटवर नारळ फोडला, फळ्यांवर पाणी शिंपडलं आणि खोबऱ्याचा तुकडा मला देऊन घरी गेले. मी व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याने फोनमधूनच सगळं तपासलं. वेल्डिंग जवळून दाखव, गाडीला जोडायचा कपलर दाखव, दिवे लावून दाखव. खूश झाला. मग म्हणाला, ‘थांब, आईला दाखवतो.’

सासूबाई कॉटवर उशांना टेकून बसल्या होत्या. कान मंदावलेत, डोळे आणि डोकं शाबूत आहे. त्यांनी बराच वेळ बघितलं. ‘एवढंच राहिलं होय गं त्याचं?’ म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, ‘जा रे, दूध आलंय का बघ.’

‘आत्ता कुठलं दूध, आई?’

‘बघून ये म्हटलं ना.’

तो गेला. फोन आता त्यांच्या हातात होता. हात कापत असल्याने त्यांचा चेहरा हलत होता, आणि अर्ध्या पडद्यावर त्यांचा अंगठाच होता.

‘ऐक,’ त्या म्हणाल्या. नीट ऐकू येत नसल्याने त्या मोठ्यानेच बोलतात, पण तेव्हा त्यांनी आवाज दाबला होता. ‘मी जा म्हटलं तर तो जात नाही. दहादा म्हणून झालं. तू ये म्हणालीस तर येईल. तू कधी म्हणत नाहीस. आता म्हण. माझी व्यवस्था होईल, बाई बघता येईल.’

दोन वर्षं मी ते वाक्य घोकलं होतं. गाडी चालवताना, लॅबमध्ये नमुन्यांवर लेबलं लावताना, एकटीसाठी दोन पोळ्या लाटताना. ‘या आता, पुरे झालं.’ एवढंच. माझ्या तोंडाशी आलेलं होतं, आणि ते म्हणायची परवानगी ज्यांच्याकडून कधीच मिळणार नव्हती त्यांनीच दिली होती.

‘आई,’ मी मोठ्याने विचारलं, ‘ते नसले तर तुम्हाला चालेल?’

‘नाही चालणार,’ त्या म्हणाल्या. ‘पण तू म्हण.’

तेवढ्यात तो परत आला. ‘दूध नाही आलेलं,’ म्हणत त्याने फोन त्यांच्या हातून घेतला आणि बाहेरच्या खोलीत आला. ‘काय म्हणत होती गं?’

‘काम चांगलं झालंय म्हणाल्या.’

‘आणि?’

‘आणि काही नाही. तुम्ही राहा तिथे. आईंजवळच राहा. मी डिसेंबरात सुट्टी टाकून येते.’

त्याने ‘का’ असं विचारलं नाही. तो हळूच खुर्चीत बसला, चष्मा काढला, आणि इतका वेळ उचलून धरलेले त्याचे खांदे खाली आले. तेव्हा मला कळलं की मी घोकत होते तितकीच वर्षं तो हे ऐकायची वाट बघत होता.